मातेओला दिलेली वॉर्निंग

जय भीम, मंडळी. कॅनडातल्या एवढ्या थंडीत, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसून तुम्ही विंडसरच्या या हॉलमध्ये आलात. मला मातेओबद्दल बोलायला उभं केलंत.

मातेओला तुम्ही सगळे ओळखता. आपल्या जयंतीला खुर्च्या लावणारा, पोह्यांवर अख्खं लिंबू पिळून खाणारा. त्याला मेक्सिकन म्हटलं की म्हणायचा, "आधी तोतोनाक!" म्हणजे मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांची एक जमात. त्याच्या गावात माणसं उंच खांबावरून, कमरेला दोर बांधून, उलटी लटकत गोल गोल फिरत खाली येतात. तोही उडायचा. आणि त्या खांबासाठी झाड तोडायच्या आधी झाडाची माफी मागायची, बुंध्याशी थोडी दारू ओतायची, ही त्यांची रीत.

महिन्यापूर्वी आमच्या ग्रीनहाऊसमध्ये हंगाम संपला. टोमॅटोची झाडं कापायची होती. मातेओ पहिल्या रांगेपाशी थांबला. टोपी काढली, काहीतरी पुटपुटला, बाटलीतली थोडी दारू मुळाशी ओतली. आणि मी, त्याचा सुपरवायझर, काय केलं? वॉर्निंग लिहिली. कामावर दारू!

तो म्हणाला, "भाऊ, मी प्यायलो नाही. झाडाला दिली." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम, बाबा. सही कर."

केली त्याने सही. त्याचं कामाचं परमिट एकाच मालकाच्या नावाचं, नोकरी गेली की देश सोडायचा. दुसरी वॉर्निंग म्हणजे थेट घरी. मला ठाऊक होतं, कारण माझंही परमिट तसलंच. मालक बघत होता म्हणून मी लिहिली. भ्यालो होतो, मंडळी.

गेल्या आठवड्यात रांगा साफ करताना तो छातीवर हात ठेवून बसलेला दिसला. विचारलं, "बरं नाही का?" म्हणाला, "सगळं ठीक, बॉस." बॉस! भाऊ नाही. तासाभरात तो तिथंच कोसळला, आणि गेला. त्याच्या खोलीतला जोडीदार नंतर म्हणाला, चार दिवस दुखत होतं, तुम्हाला सांगायला घाबरत होता. मला घाबरत होता तो!

काल त्याच्या बायकोचा फोन आला. त्याच जोडीदाराने तिचं स्पॅनिश बोलणं मला समजावून सांगितलं. ती विचारत होती, "कुणालाच कसं कळलं नाही?"

सोमवारी त्याच्या मृत्यूची सरकारी चौकशी आहे. मालक म्हणालाय, वॉर्निंगचा विषय काढू नकोस. काढला तर माझी नोकरी, परमिट, पोरींची शाळा, सगळंच जाईल. नाही काढला तर त्या बाईला काय सांगू? कुठं जाऊ मी?

चला, मातेओसाठी दोन मिनिटं गप्प उभे राहू या. त्यानंतर मात्र मला गप्प बसू देऊ नका.