चौथ्या डब्याचे वार

जबाब देणार: मयताची सून. वय ४२ वर्षे. धंदा: चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचे काम. राहणार: रेल्वे पुलापलीकडची जुनी वसाहत, तीन नंबरची इमारत, चौथा मजला.

मला आज बोलावणे आल्यावरून मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर आहे. विचारल्यावरून माझ्या तोंडाने सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि माझे सासरे असे तिघे राहत होतो. आमची मुलगी शिकायला परगावी असते. पती शहर बससेवेत चालक आहेत. मयत हे माझे सासरे. वय ७८. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. ते नळजोडणीचे काम करायचे. वसाहतीतल्या निम्म्या घरांतले नळ त्यांच्या हातचे आहेत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. डावा हात, डोके आणि जीभ शाबूत राहिली. लघवीवर ताबा राहिला नाही, त्यामुळे डायपर लावावे लागत होते. ते बदलण्याचे काम मी करत होते. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मलाही कुठे बघावे कळत नव्हते. तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, लाजतेस कशाला? जुनी तोटी आहे, वायसर गेलाय." त्यानंतर आम्हा दोघांना अवघड गेले नाही.

आमच्या घरात दोन खोल्या आहेत. अण्णांची खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीला लागून होती. त्याच खोलीला गॅलरी आहे.

मागील वर्षी सगळ्या देशात घरच्या कचऱ्याचा नवा कायदा लागू झाला. पूर्वी प्रत्येक मजल्यावरून कचरा जिन्याशेजारच्या नळकांड्यात टाकायचा आणि विसरून जायचे. ते नळकांडे सिमेंटने बुजवले. आता चार डबे ठेवावे लागतात. ओला आणि सुका रोज नेतात. बॅटऱ्या, औषधे वगैरे महिन्यातून एकदा. चौथा डबा डायपर आणि पॅडचा. त्याची गाडी फक्त मंगळवारी आणि शनिवारी येते. पिशव्या आरपार दिसणाऱ्या असतात आणि त्यांवर घराचा नंबर चिकटवावा लागतो. जिन्यात पिशवी ठेवायची नाही.

कायदा वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. वसाहतीमागे कचऱ्याचा डोंगर होता, तो सारखा धुमसत असायचा. माझी मुलगी त्या धुरात खोकत मोठी झाली. आता तो डोंगर निम्म्याहून कमी झाला आहे. अण्णांना तर या सगळ्याचे फार कौतुक होते. सुका कचरा ते खाटेवर बसून डाव्या हाताने निवडायचे. बाटलीचे झाकण वेगळे, कागद वेगळा. माझ्या पतींकडून चूक झाली की म्हणायचे, "बस चालवतोस आणि तुला डावं-उजवं कळत नाही."

चौथ्या डब्याची पिशवी आम्ही गॅलरीत टांगत होतो. दुसरीकडे जागा नव्हती. ती अण्णांच्या खाटेवरून समोर दिसायची. उन्हाळ्यात तीन दिवसांची पिशवी घरात ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने ठेवली त्यालाच ठाऊक. मी फिनेल टाकत होते. शेजारच्या घरांनी गॅलरीची दारे लावून घ्यायला सुरुवात केली.

मार्च महिन्यात एका शनिवारी चौथ्या डब्याची गाडी आलीच नाही. रविवारी रात्रीपर्यंत पिशवी तोंडापर्यंत भरली आणि बांधता येईना. सोमवारी सकाळी मी दोन डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकले. हे मी केले. पतींना किंवा अण्णांना त्याची कल्पना नव्हती.

कचरा निवडण्याच्या केंद्रात ते सापडले. दुसऱ्या दिवशी गाडीने आमच्या इमारतीचा कोणताच कचरा उचलला नाही. आमची पिशवी परत आणून, लाल चिठ्ठी लावून फाटकावर टांगली होती. आरपार पिशवी असल्याने आत काय आहे ते कोणाला विचारावे लागत नव्हते. इमारतीला दंडाची नोटीस आली.

त्या संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आणि आणखी सात-आठ माणसे आमच्या दारात आली. आरडाओरडा कोणी केला नाही. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, माणुसकी आम्हालाही आहे. पण एका घरासाठी साठ घरांनी वास का घ्यायचा, तेवढं सांगा." मी म्हटले, चूक झाली, पुन्हा होणार नाही. मागून एक बाई म्हणाल्या, "आजोबांसाठी एखादी संस्था बघा की. हल्ली चांगल्या असतात." दुसरे कोणीतरी म्हणाले, "दिवसाला किती लागतात?" मी सांगितले, पाच.

दार उघडे होते. खाट दारापासून चार हातांवर आहे. अण्णांनी डोळे मिटले होते.

ती माणसे गेल्यावर मी दार लावले. अण्णा म्हणाले, "सूनबाई, वायसर काही बदलता येत नाही. मग एकच उपाय, मेन कॉक बंद करायचा." मी हसले. पतीही हसले. बऱ्याच वेळाने घरात कोणीतरी काहीतरी बोलले, म्हणून हसलो.

विचारण्यात आले की, पती आणि मयत यांच्यात भांडण होते काय. भांडण नव्हते. त्या आठवड्यात पतींनी एकदा "आज पाचवा?" असे विचारले होते. ते मला विचारले होते, अण्णांना नाही. अण्णा जागे होते.

मी दुकानात सकाळी साडेनऊला जाते आणि दुपारी चारला घरी येते. जाताना अण्णांना खायला घालून, डायपर बदलून, पाण्याची मोठी बाटली त्यांच्या डाव्या हाताशी ठेवत असे. संध्याकाळी बाटली रिकामी होत होती. मी पुन्हा भरून ठेवायचे. सकाळी तीही रिकामी. चहा त्यांनी सोडला. म्हणाले, पित्त होते. रात्रीचे दूधही नको म्हणाले. म्हातारपणी खाणे कमी होते म्हणून मी आग्रह धरला नाही.

एप्रिलमध्ये डायपर कमी लागू लागले. पाचाचे तीन, मग दोन. पिशवी हलकी झाली. शनिवारी ती खाली नेताना जिन्यात सेक्रेटरी भेटले आणि म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं." मला बरे वाटले. वर येऊन मी अण्णांना म्हटले, "अण्णा, तुमची तब्येत सुधारतेय." ते म्हणाले, "तुझ्या हाताला यश आहे."

त्यांचे ओठ फुटले होते. मी तूप लावत होते. लघवीचा रंग गडद झाला होता. ते मी पाहिले होते. उन्हाळा आहे म्हणून असेल असे मला वाटले. डॉक्टरांकडे नेले होते काय असे विचारले, तर नेले नव्हते. त्यांना चौथ्या मजल्यावरून खाली न्यायचे तर चार माणसे लागतात आणि त्या वेळी इमारतीत चार माणसे मागायची आमची सोय राहिली नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या बाई एके दिवशी वर आल्या. त्यांच्या हातात ओली चादर होती. म्हणाल्या, "तुमच्या खिडकीतून रोज दुपारी पाणी पडतं. माझे वाळत घातलेले कपडे भिजतात." पतींनी सगळे नळ तपासले. काही गळत नव्हते. त्यांनी अण्णांनाच विचारले, तुमच्याएवढे कोणाला कळणार, कुठून गळत असेल? अण्णा म्हणाले, "वरच्या टाकीचं असेल. माझा हातही थरथरतो, एखादे वेळी सांडतं." मी दुसऱ्या दिवशी बाजारातून बारीक तोंडाची बाटली आणली, सांडू नये म्हणून. खालच्या बाईंचा जबाब आपण घेतला आहे असे कळले. त्यांनी सांगितले ते खरे आहे. पाणी आमच्याच खिडकीतून पडत होते.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी अण्णांना उठवायला गेले, तर ते मला ओळखेनात. मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. जीभ लाकडासारखी झाली होती. पतींनी रुग्णवाहिका बोलावली. खाली न्यायला सेक्रेटरी, शेजारचे दोघे आणि पती असे चौघे आले. कोणाला बोलवावे लागले नाही, गाडीचा आवाज ऐकून आले, हेही लिहावे.

दवाखान्यात डॉक्टरांनी अण्णांच्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली. डॉक्टरांनी विचारले, "यांना पाणी किती दिवस मिळालं नाही?" पती त्यांच्यावर धावून गेले. म्हणाले, "रोज दोन बाटल्या पितात ते. माझ्या बायकोला विचारा." डॉक्टरांनी मला विचारले नाही. मूत्रपिंडे बंद पडत आल्याचे सांगून त्यांनी सलाइन लावले आणि लघवीसाठी नळी घातली. नळीची पिशवी खाटेच्या कडेला टांगली.

संध्याकाळी पती कागदपत्रे आणायला घरी गेले होते. त्या वेळी अण्णा शुद्धीवर आले. मला ओळखले. त्यांनी मान वळवून ती टांगलेली पिशवी पाहिली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, "सूनबाई, इथली गाडी कुठल्या वारी असते?"

मला आधी कळले नाही. मग मी म्हटले, "अण्णा, इथे वार नसतो. इथे रोज नेतात."

"नक्की?"

वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी ऐकले. त्या म्हणाल्या, "रोज नेतात, आजोबा. दिवसातून दोनदा. ती काळजी तुम्ही नका करू."

अण्णा म्हणाले, "मग आण पाणी."

डॉक्टरांना विचारून मी त्यांना चमच्याने पाणी पाजले. पिताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनी आणखी मागितले. मावशींनी सांगितले, हळूहळू द्या, ठसका लागेल. ते म्हणाले, "लागू दे." अर्धा पेला गेला. खिडकीतून पाणी ओतत होतात काय, असे मी विचारले नाही. विचारावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास ते गेले.

वरील बोलणे झाले तेव्हा मी, अण्णा आणि त्या मावशी याशिवाय कोणी नव्हते. मावशींचे नाव मला माहीत नाही. पतींना मी हे अजून सांगितलेले नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांचे वडील रोज दोन बाटल्या पाणी पीत होते. या कागदावरून त्यांना कळले तर कळेल.

तक्रार देणारी माझी नणंद माझ्याहून मोठी आहे. ती दुसऱ्या गावी असते आणि अण्णा गेल्यावर पोहोचली. तिने त्यांचे ओठ पाहिले आणि मला विचारले, "माझ्या बापाला तुम्ही पाणीसुद्धा दिलं नाहीत?" मी उत्तर दिले नाही. तिथे तिचा भाऊ उभा होता. तिने तक्रार दिली याबद्दल माझ्या मनात काही नाही. तिच्या जागी मी असते तर मीही दिली असती. आम्ही पाणी तोडले हे तिचे म्हणणे बरोबर नाही. आमच्या घरात अण्णा तहानलेले राहिले हे तिचे म्हणणे खरे आहे.

सोसायटीतल्या माणसांविरुद्ध तक्रार आहे काय असे विचारले. ती माणसे अंत्ययात्रेला सगळी आली होती. तक्रार कसली लिहायची हे मला समजत नाही, म्हणून नाही असे सांगते.

जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. त्यात "मयत हे रोज दोन बाटल्या पाणी पीत होते" असे एक वाक्य आले होते. ते मी सांगितलेले नाही. ते खोडून त्या जागी "बाटली रिकामी होत होती" असे लिहवून घेतले. साहेबांनी सांगितले की, पहिले वाक्य राहिले असते तर तुमच्याच फायद्याचे होते. ते मला समजले आहे. बाकीचा मजकूर मी सांगितला तसा आहे, म्हणून खाली सही करते.