पावण्यांच्या पायऱ्या

माझं नाव दत्ता, पर मंगळवार पेठेत येऊन दत्ता कुठं राहतोय म्हणून इचारलासा तर कोण सांगायचं न्हाई, फावड्या कुठं राहतोय असं इचारा पावणं, दारापर्यंत आणून सोडतील. फावड्या नाव पडलं दोन कारणानं. एक म्हंजे सगळी हयात मी फौंड्रीत वाळू मारली, फावड्यानं, ह्ये बघा हात, ह्या हाताची थोबाडीत बसली की माणूस दोन दिवस एकाच कानानं ऐकतोय. आणि दुसरं म्हंजे मी आमच्या तालमीच्या टीमचा फुलबॅक, माझा पाय जमिनीलगत असा यायचा की बॉल, माणूस, माती सगळं एकदमच उचलून बाजूला पडायचं. लोकं वरडायची, फावडं आलं रं, उडी मार.

बाप हमाल हुता, मार्केट यार्डात गुळाचं रवं, म्हंजे ढेपा, उचलायचा. आई मी चार वर्षाचा असतानाच गेली, मला वाढवलं आक्कानं, आक्का म्हंजे माझी थोरली बहीण, सात वर्षानं मोठी. बापाला फुटबॉलचा राग. मॅच बघून घरात पाऊल टाकलं की कासरा हातात, आणि मारायचा म्हंजे काय मारायचा, पाठ सोलून निघायची. एकदा तर हमालीचा आकडा उगारला, लोखंडी, पोत्यात रुतवत्यात तो, आणि आक्का मधी आली. तिच्या मनगटावर बसला. हाड मोडलं ते वाकडंच जुळलं, आजबी भाकरी थापताना तिचा उजवा हात जरा तिरका पडतोय. त्या हाताचं मी कसं पांग फेडलं ते सांगाय बसलोय तुम्हाला.

कोल्हापुरात मॅच बघाय जात्यात ती माणसं घरनंच बाह्या वर करून जात्यात. पेठ इरुद्ध पेठ. आमची मंगळवार पेठ आणि पलीकडची एक, तिचं नाव घेत न्हाई, नाव घेतलं की ह्या वयात बी हात शिवशिवत्यात. मी एका सेमीफायनलला त्यांच्या फॉरवर्डच्या पायाची नळी मोडलीया. आवाज आलता, वाळलेली काठी मोडल्यागत, आणि सगळं ग्राऊंड एकदम गप झालं, मग आमच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. मला खांद्यावर घेऊन पेठेतनं फिरवला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं हुतं. बापानं मला मारलं तवा मी कुणाला मारू शकत नव्हतो, आता मारत हुतो आणि लोकं गुलाल टाकत हुती.

त्यांच्या गोलकीपरच्या दोन बरगड्या बी मीच मोडल्या. कॉर्नर आलता, त्यो उडी मारून बॉल धरतोय तवर मी गुडघा घातला. महिनाभर दवाखान्यात हुता. आणि काय सांगू तुम्हाला, तीन वर्षानं त्योच माणूस आमच्या घरात पोहे खायाला आला, आक्काला बघाय. रंगराव नाव. म्हशी हुत्या घरच्या, दूध कट्ट्यावर म्हस उभी करून समोर धार काढून द्यायचा. मी म्हटलं ह्याला आता जित्ता सोडत न्हाई, सूड घ्यायलाच आलाय ह्यो. तर त्यो हसत बापाला म्हणतोय, मामा, तुमच्या पोरानं माझ्या बरगड्या मोडल्यात, आता तुमच्या पोरीनं त्या सांभाळाव्यात. बाप आयुष्यात पहिल्यांदा हसल्याला मी तवा बघितला. लगीन झालं. गोलकीपरचा दाजी झाला.

आता पायऱ्यांचं सांगतो, त्याबिगर तुम्हाला पुढचं कळायचं न्हाई. आमच्या स्टेडियमला दगडी पायऱ्या हायत. एका टोकाला आमची पेठ बसायची, दुसऱ्या टोकाला त्यांची, आणि मधोमध, सेंटर लाईनच्या बराबर समोर, पंधरा-वीस पायऱ्यांचा एक पट्टा हुता, त्येला पावण्यांच्या पायऱ्या म्हणायचे. म्हंजे ज्यांची सोयरीक पलीकडं झालीया, जावई, मेव्हणं, व्याही, त्यांनी तिथं बसायचं. दोन्हीकडचं तिथं मांडीला मांडी लावून. शिव्या द्यायच्या तर तोंडातल्या तोंडात. हात उचलायचा न्हाई, उचलला तर त्येची तालीम त्येला वर्षभर दारात उभी करत नव्हती. कागदावर कुठं लिवल्यालं नव्हतं, पर आमच्या आज्यापासनं चालल्यालं. पोलिसापरीस तो पट्टाच दोन पेठांस्नी लांब ठेवायचा, दगड मारायचा म्हटलं तरी मधी आपलाच जावई बसल्याला दिसायचा की.

माझं खेळणं सुटल्यावर मी आणि दाजी सव्वीस वर्षं तिथं बसलो. सहाव्या पायरीवर. जो आधी यील त्यानं शेजारी रुमाल टाकून जागा धरायची. आक्का भडंगाचे दोन पुडे द्यायची, एक बिनलसणाचा, दाजीस्नी लसणानं पोटात जळतंय म्हणून, आणि एकात भाजका लसूण मूठभर, मला आवडतोय म्हणून. त्यांचा गोल झाला की माझी मूठ वळायची आणि दाजी बघत बघत मैदानाकडंच पर माझं मनगट धरून ठेवायचे, मॅच परत सुरू होईपर्यंत. कुणाला कळायचं न्हाई. सव्वीस वर्षं त्या माणसानं माझा हात धरून ठेवला.

तिकीट आमच्या टायमाला एका चहाच्या पैशात मिळायचं, तालमीतच पुस्तक असायचं, फाडून द्यायचे. मग दहा झालं, वीस झालं, पन्नास झालं, कुरकुर करत दिलं. दोन वर्षामागं फायनल कुठल्या तरी नव्या मंडळीनं घेतली चालवायला, बाहेरनं खेळाडू आणले, टीव्हीवाले आणले, आणि तिकीट पाचशे. ते बी गोलमागच्या कोपऱ्यात. आणि तालमीत मिळायचं न्हाई, मोबाईलवरच काढायचं, जो आधी काढंल त्याला. कुठली पेठ कुठं बसणार ह्येचा कुणाला पत्ता न्हाई. आणि पावण्यांच्या पायऱ्यांवर, पावणं, फळ्या ठोकून सोफं टाकले. अडीच हजार. तिथनं ब्येस दिसतंय म्हणून. ज्यांनी जन्मात कधी पेठेची मॅच बघितली न्हाई ती लोकं तिथं बसणार, पाण्याच्या बाटल्या घिऊन.

आम्ही आठ-दहा म्हातारी शाहूपुरीत त्यांच्या हापिसात गेलो. म्हटलं, साहेब, बाकी कायबी विका, तेवढा पट्टा विकू नका, रक्त सांडंल. त्यो बाबा मोबाईलमधनं मान वर न करता म्हणतोय, आजोबा, परवडत नसंल तर घरात बसून बघा, फुकट दिसतंय. मी टेबलावरनं वाकून त्येची कॉलर धरली आणि कपाळ टेबलावर आपटलं, दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार तवर चौघांनी मला उचलून जिन्यावरनं खाली टाकला. गुडघा फुटला. पर त्येच्या कपाळाला टेंगूळ आलं ह्येचंच मला समाधान वाटत हुतं, डोक्यातला जाळ काय कमी झाला न्हाई.

फायनल लागली, आमची आणि त्यांची. आदल्या दिवशी सकाळी दाजींनी दूध कट्ट्यावर बोलावलं. म्हणाले, दत्ता, दोन तिकिटं काढल्यात कोपऱ्यातली, चल, पायऱ्या गेल्या म्हणून काय झालं, आपण दोघं एका जागी बसलो की झालं. आणि मी काय म्हटलं असंल? मी म्हटलं, तुमच्या पैशानं बसायला मी भिकारी हाय काय, त्या चोरांस्नी पैसं देऊन तुम्ही बी त्यांच्यातलेच झालासा, तुमची पेठच तसली. असं गिऱ्हाईकांच्या देखत. दाजी म्हशीच्या पाठीवर थाप मारून धार काढाय बसले. दुपारी आक्काचा फोन आला, जा की रं त्यांच्यासंगं, मी दोन्ही पुडं बांधल्यात. मी फोन कट केला. सव्वीस वर्षात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी आम्ही बिनतिकिटाची दोन-अडीच हजार माणसं गेटवर. आतनं ढोल ऐकू येतोय आणि आम्ही बाहेर. मागनं रेटा आला, कोणतरी वरडलं, पाडा गेट. पोलिसांनी लाठ्या काढल्या, माझ्या खांद्यावर एक बसली, एक कानावर, कान फाटला, रक्त शर्टात उतरलं आणि मला बरं वाटाय लागलं, खरंच सांगतो, ते जुनं बरं वाटणं. गेटची एक झडप निखळली, खाली माणसं, वर माणसं, कुणाच्या तरी हातावरनं मी पाय देऊन गेलो, बोटं मोडल्याली कळली मला, थांबलो न्हाई. आत कोपऱ्यात आधीच भांडण लागलं हुतं. मोबाईलवरच्या तिकिटांनी दोन्ही पेठा एकाच कोपऱ्यात कोंबल्याल्या, एक गोल झाला आणि कमरेचे पट्टे निघाले, खुर्च्या निघाल्या, दगड निघाले. सोफ्यावरची लोकं पळून गेलती, बाटल्या सोडून. आमचा घोळका तिथंच घुसला. सोफं फाडले, आतला कापूस उडत हुता. बॅरिकेडचा एक पाईप निखळून पडलता तो मी उचलला.

आणि मला दिसलं, सहाव्या पायरीवर एक माणूस बसलाय. सोफा बाजूला ढकलून, फळी उचकटून, दगडावर बसलाय, माझ्याकडं पाठ, गळ्यात त्या पेठेच्या रंगाचा मफलर. एवढ्या रणकंदनात निवांत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझ्या जागंवर बसतोयस? मी पाईप दोन्ही हातानं वर घेतला, फावडं उचलल्यागत. तेवढ्यात पेठेतलं कोणतरी मागनं वरडलं, ए फावड्या! आणि ते नाव ऐकून त्यो माणूस वळला. हसत वळला, पावणं. आलास व्हय रं, असं तोंड झाल्यालं. पाईप तवर खाली आला हुता.

शेजारी दगडावर रुमाल टाकल्याला हुता. माझ्यासाठी. मी गेट मोडून का हुईना येणार आणि आलो की हितंच येणार ह्ये त्या माणसाला ठाऊक हुतं, म्हणून तो मारामारीतनं वाट काढत कोपऱ्यातनं हितं येऊन बसलता. दोन पुडे मांडीवर. मी त्यो रुमाल उचलून त्यांच्या डोळ्यावर दाबला, त्यातनं रक्त माझ्या कोपरापर्यंत आलं, आणि मी वरडत हुतो, दाजी, दाजी, आणि आमच्या पेठेचा एकजण त्यांचा रंग बघून वरनं लाथ घालत हुता. त्येला मी कसा हाणला ते मला आठवत न्हाई. मॅच कोण जिंकलं ते बी मला चार दिवसांनी कळलं.

उजवा डोळा गेला. पोलीस दवाखान्यात जबाब घ्यायला आले तवा दाजी म्हणाले, पळताना पायरीवरनं पडलो, पाईप खाली पडल्याला लागला. माझ्यासमोर म्हणाले. मी बाहेर आलो, आक्का बाकावर बसलीती, तिच्या पायाशी बसून सगळं खरं सांगितलं. ती वरडली न्हाई. ती मारंल म्हणून मी मान खाली घालून बसलो हुतो, मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पदरातनं ते वाकडं मनगट काढलं, माझ्या तोंडासमोर धरलं आणि म्हणाली, ह्ये मोडलं तवा मला दुखलं न्हाई दत्त्या, तू वाचलास म्हणून. आता ऊठ आणि जा. त्याला दोन भाऊबीजा झाल्या. मी जातोय, दारात उभा राहतोय, ताट बाहेर येत न्हाई.

दाजी मात्र बोलत्यात. परवा फायनल झाली, तिकीट आणखी वाढवलं, सोफ्यांची एक रांग बी वाढवली. आम्ही दोघं स्टेडियमच्या भिंतीबाहेर कट्ट्यावर बसतो आता, आवाजावरनं कळतंय कुणाचा गोल झाला ते. मी तासभर आधी जातो, रुमाल टाकतो. दाजी आले की मला उजव्या अंगाला बसवत्यात. पहिल्यांदा मी डावीकडं बसाय गेलतो तर म्हणाले, हिकडं ये, ह्या बाजूनं मला दिसत न्हाई, हिकडनं कोण आलं तर तू बघायचं. मला रडू फुटलं हुतं त्या दिवशी, भर रस्त्यात, साठीचा माणूस. त्या अंगाला कोण आलं हुतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक हाय?

गेली दोन वर्षं आक्का एकच पुडा देती, बिनलसणाचा. दाजी त्यातलं अर्धं माझ्या वंजळीत वतत्यात. परवा पुडा सोडला आणि दाजींनी तो नाकाशी धरला. मग म्हणाले, तुझ्या आक्कानं मला उपाशी ठेवायचं ठरवलंय की रं. बघतोय तर भाजका लसूण, मूठभर, पहिल्यासारखा. आत भिंतीपलीकडं कुणाचा तरी गोल झाला, माणसं वरडली, आणि दाजी मैदानाकडं तोंड करून बसले, सवयीनं माझं मनगट धरून. मी एका हातानं खात राहिलो. देव तिला लई आयुष्य देवो पावणं, माझं बी घालून.