गाडी न पोचलेली एकाहत्तर घरे

व्यासपीठावर विराजमान आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आदरणीय बापूसाहेब, प्रमुख पाहुण्या इंदूताई, दहा वर्षे महाराजपुरच्या पार्षद राहून आज निरोप घेणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती बेबीताई गजघाटे, आणि महाराजपुरपासून चेरीतालच्या या सभागृहापर्यंत ऑटोने, स्कूटरने, काही जण तर पायी आलेले माझे बंधुभगिनी, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मला दहा मिनिटे दिली आहेत. पण इकडे येताना बेबीताई कानात म्हणाल्या, "लंबाचौडा नको बोलू बेटा, लोकांना जेवायचं आहे." तेव्हा मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती माझ्याच चुकीची आहे. निरोपाच्या भाषणात स्वतःची चूक सांगतात का? मला ठाऊक नाही. पण ती सांगितल्याशिवाय ताई कोण आहेत, हे मला सांगता येणार नाही.

माझे नाव विनता. महापालिकेत पार्षदांच्या आरोग्य समितीचे कागद तयार करणाऱ्या कार्यालयात मी कंत्राटी संगणक चालक आहे. ही समिती काय करते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? नोकरी लागेपर्यंत मलाही नव्हते. शहरातले दवाखाने आणि रुग्णवाहिका नीट चालतात की नाही, हे तिने पाहायचे असते. रुग्णवाहिका चालवणारी संस्था दर तीन महिन्यांनी माहिती पाठवते, मी तिचा तक्ता करते, सभासद तो पाहतात, चहा-समोसे येतात आणि तक्ता मंजूर होतो. निदान ताई समितीत येईपर्यंत तसेच होत होते.

ताई आठवी शिकलेल्या. बावीस वर्षे दवाखान्याच्या वॉर्डात आया होत्या. तक्ता हातात आला की त्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायच्या, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत अध्यक्षांना पुढचा विषय घेता येत नसे. एक सभासद नेहमी म्हणायचे, "दीदी आ गईं, अब समोसे ठंडे होंगे." ताई मान वर न करता म्हणायच्या, "भैया, तुम्ही खा. मी घरून खाऊन आली आहे."

सहा वर्षांपूर्वी समितीपुढे एक प्रस्ताव आला. रुग्णवाहिकांची सेवा उत्तम चालली आहे, तेव्हा दर तीन महिन्यांनी तपासायची गरज नाही, वर्षातून एकदा पाहिले तरी पुरे. आधार होता माझा तक्ता. फोन केल्यापासून गाडी दारात येईपर्यंत सरासरी एकोणीस मिनिटे. मी त्याला हिरवा रंग दिला होता. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. माझा कागद समितीत फिरतो आहे, हे बाबांना सांगायला मी उतावीळ झाले होते.

ताईंचे बोट शेवटच्या ओळीवर थांबले.

"विनता, फोन किती आले होते?"

"तीनशे बारा, ताई."

"आणि हे एकोणीस मिनिटं कितींचे आहेत?"

"दोनशे एक्केचाळीस."

"मग बाकीचे एकाहत्तर कुठं गेले?"

मी सांगितले, त्यांच्यापुढे पोचल्याची वेळ लिहिलेली नाही. रिकाम्या जागेची सरासरी काढता येत नाही, म्हणून त्या ओळी वगळल्या. कॉलेजात शिकवले होते तसेच केले.

ताई म्हणाल्या, "वेळ काहून लिहिली नाही?"

खरे सांगते, तो प्रश्न मला पडलाच नव्हता. ताईंनी अध्यक्षांकडून आठ दिवस मागून घेतले, आणि प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेला. मला त्यांचा फार राग आला. सगळ्यांसमोर मला लहान केले, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कुठे नेले असेल? मला वाटले, संस्थेच्या कार्यालयात. त्यांनी नेले महाराजपुरच्या ऑटो स्टँडवर. तिथे गुलाबराव बसले होते. आज ते मागच्या ओळीत आहेत. ताईंनी त्यांच्यासमोर एकाहत्तर तारखा आणि पत्ते ठेवले. गुलाबराव चष्मा लावून म्हणाले, "हे काय विचारून राहिल्या ताई, गाडी नाही आली की लोक आमच्याचकडे येतात ना. ही शेवंता, हिला मीच नेलं. दिवस भरले होते. हा म्हातारा आपल्या रामकृष्णच्या ऑटोत गेला." त्यांनी दुसऱ्या स्टँडवर फोन लावले. जी वेळ माझ्या संगणकात नव्हती, ती ऑटोवाल्यांना तोंडपाठ होती.

सात दिवस आम्ही घरोघरी फिरलो. एकाहत्तरपैकी अठ्ठावन्न घरे सापडली. त्यातल्या एका घरी डोमाजी होते. भिंती रंगवायचे काम करायचे; आता एक हात निकामी झाला होता. अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्यांची पत्नी चंपाबाई यांनी फोन केला. पलीकडून सांगितले, "गाड़ी निकल गई है, घर पर ही रहिए." गाडी निघालीच नव्हती. गुलाबरावांचा ऑटो दारात उभा होता, पण चंपाबाई त्यात बसेनात.

त्यांनी आम्हाला सांगितले, "मी म्हटलं, गाडी येईल अन् आपण घरी नसू, तर बरं दिसत नाही. सरकारी माणसाला उगीच चक्कर. दीड तास दार उघडं ठेवून बसली मी." मग त्या ताईंकडे पाहून म्हणाल्या, "बाई, तुम्ही दवाखान्यात होत्या. मी यांना ऑटोत बसवलं असतं तर यांचा हात वाचला असता का?"

बावीस वर्षे वॉर्डात काढलेल्या बाईला याचे उत्तर माहीत होते. त्या खोटे बोलल्या नाहीत, आणि खरेही बोलल्या नाहीत. चंपाबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्हाला थांबा म्हटलं, तुम्ही थांबल्या. ज्यानं थांबवलं, त्याले हा प्रश्न मी विचारते. तुम्ही आता स्वतःले नका विचारू."

परत येताना ऑटोत मी रडत होते. ताई म्हणाल्या, "तू काही वाईट नाही केलं. गणित बरोबर आहे तुझं. फक्त डोमाजी नाही त्यात."

मी विचारले, "बैठकीत तुम्ही सांगाल ना?"

"मी काहून सांगू? कागद तुझा आहे."

इकडे कार्यालयात आमचे हेडक्लार्क बडे बाबू मला बाजूला घेऊन म्हणाले, "विनता जी, मार्च में आपका कॉन्ट्रैक्ट खत्म हो रहा है. चुप रहिए." त्यांनी ते माझ्या काळजीपोटीच सांगितले. माझ्या पगारावर घरी धाकट्या बहिणीचे शिक्षण चालू होते. बैठकीच्या आदल्या दिवशी मी ताईंना फोन करून म्हटले, मला ताप आहे, उद्या येणार नाही. ताई म्हणाल्या, "अच्छा. मग कागद पाठवून दे, मी वाचते. पण मला इंग्रजी आकडे हळूहळू लागतात, लोकांना जरा वेळ बसावं लागेल." एवढेच. रागावल्या नाहीत.

मी गेले. उभी राहून म्हणाले, माझा तक्ता अपुरा होता. आणि एकेक ओळ वाचू लागले. शेवंता, नववा महिना, ऑटोने. त्यानंतर एक मुलगी, दम्याचा झटका, शेजाऱ्याच्या स्कूटरवर दोघांच्या मधे बसवून. डोमाजी, अर्धांग, दीड तास वाट पाहून ऑटोने. विसावे नाव होईपर्यंत कुणी मोबाइलकडे पाहत नव्हते. त्या दिवशी समोसे खरेच थंड झाले.

अठ्ठावन्न नावे संपली आणि मी बसायला लागले, तर ताई म्हणाल्या, "अजून तेरा आहेत."

"ताई, ती घरे सापडली नाहीत. काय वाचू?"

"तारीख वाच. नाव नाही सापडलं, असं वाच."

मी तेराही तारखा वाचल्या.

वर्षातून एकदा तपासायचा प्रस्ताव त्या दिवशी मागे घेतला गेला. तक्त्यात एक नवा रकाना आला, "रुग्ण कसा गेला". आणि ताईंनी आग्रहाने एक नियम करून घेतला: गाडी येणार नसेल, तर दहा मिनिटांच्या आत घरी फोन करून तसे स्पष्ट सांगायचे. एका सभासदाने विचारले, "दीदी, नाही म्हणण्याचा काय नियम करायचा?" ताई म्हणाल्या, "नाही म्हटलं की माणूस उठतो अन् दुसरी सोय करतो, भैया. हो म्हणून ठेवलं की बसून राहतो." त्यानंतर किती घरांतले लोक वेळेवर उठले असतील, हे कोणत्याच तक्त्यात येत नाही. मला ते आता कळते.

सगळे सुधारले, असे मी म्हणणार नाही. मागच्या तिमाहीतही चौदा घरी गाडी गेली नाही. पण त्या चौदांना तसे कळवले गेले, आणि चौदाही नावे समितीत वाचली गेली. माझे कंत्राट त्या मार्चमध्ये वर्षाऐवजी तीनच महिने वाढले, पुढे पुन्हा वर्षाचे झाले. ताईंनी माझे कौतुक कधी केले नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "आता हिरवा रंग नाही देत तू." ते मी कौतुक मानले आहे.

परवा त्यांची शेवटची बैठक झाली. जिना उतरताना मी म्हटले, "ताई, आता रिकाम्या ओळींचे कोण विचारणार?" त्या कठडा धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "तुला वाचता येतं ना?"

येते, ताई. इथे सर्वांसमोर सांगते, येते.

भाषणाच्या शेवटी, कुणाचे नाव राहून गेले असल्यास क्षमा असावी, असे म्हणायची पद्धत आहे. ताई समोर बसलेल्या असताना हे वाक्य म्हणून सुटका करून घेणे मला जमणार नाही. म्हणून मी जेवणाच्या दालनाच्या दाराशी वही घेऊन बसणार आहे. ज्यांचे नाव माझ्याकडून राहिले, त्यांनी ते लिहून द्यावे. वही कोरी नाही. न सापडलेल्या त्या तेरा घरांपैकी दोन घरे गेल्या सहा वर्षांत सापडली. उरलेल्या अकरा तारखा मी पहिल्या पानावर लिहिल्या आहेत. जेवायला जाताना एकदा तेवढ्या नजरेखालून घाला. त्यातल्या एखाद्या दिवशी आपण, किंवा आपल्या शेजारचे कुणी, दार उघडे ठेवून बसले असेल, तर मला सांगा.

माझे मराठी घरात बोलून शिकलेले आहे. जिथे शब्द अडखळले, तिथे आपण सांभाळून घेतलेत. मंडळाने मला बोलायला उभे केले आणि आपण जेवण थांबवून ऐकलेत, याबद्दल मनापासून आभार. ताई, दहा मिनिटांच्या वर गेले. तेवढे माफ करा.