सात गोगलगायींचा आधार

भाची : मामा, त्या चिठ्ठीला हात लावू नकोस! तो माझा मुख्य दावा आहे.

मामा : माझ्या कापायच्या टेबलावर पसरलाय, म्हणजे निम्मा माझाच. याच टेबलावर मी सर्कशीतल्या हत्तीची विजार बेतली होती. माप द्यायला उभाच राहीना. लाजायचा.

भाची : हत्ती नको आज. पाच वाजेपर्यंत माझा संशोधनाचा पेपर पाठवायचाय. सोमवारी समिती माझी नेमणूक वाढवायची की नाही ते ठरवणार.

मामा : बरं. पण हे दोरे कसले? अख्खं रीळ संपवलंस की.

भाची : पेपरातला एकेक मुद्दा एकेका चिठ्ठीवर लिहिलाय. निळा दोरा म्हणजे ही चिठ्ठी त्या चिठ्ठीला आधार देते. लाल म्हणजे आक्षेप. नुसतं वाचताना सगळं पटतं रे, म्हणून मांडून बघतेय. कुठंतरी काहीतरी चुकतंय.

मामा : दावा काय आहे?

भाची : गोगलगाय घरची वाट चाळीस दिवस विसरत नाही.

मामा : आणि लोक मला थापाड्या म्हणतात!

भाची : चाळीस दिवस मी स्वतः मोजलेत. दोनशे गोगलगायी, पाठीवर रंगाचे ठिपके देऊन.

मामा : मग घाबरतेस कशाला?

भाची : त्या आठवणीनंच परत येतात कशावरून? मागं राहिलेल्या चिकट रेषेच्या वासानंही येत असतील. म्हणून इथं लिहिलंय, 'रेषेचा वास दोन दिवसांत उडतो, हे सर्वश्रुत आहे.'

मामा : थांब. गोष्ट सांगताना 'हे काय, सगळ्यांना ठाऊकच आहे' असं मी कधी म्हणतो, सांग बरं?

भाची : कधी?

मामा : कुणी विचारलंच तर माझी पंचाईत होणार असते, तेव्हा.

भाची : पण त्याला तीन पेपरांचा आधार आहे. हे बघ, तीन दोरे.

मामा : आणि त्या तिघांना कुणाचा? दोरे पुढं नेलेस का?

भाची : ...नाही. थांब, उघडते. पहिला... आमच्या बाईंच्या जुन्या पेपरचा हवाला देतो. दुसरा... तोच. मामा, तिसरासुद्धा तोच!

मामा : तीन टाके आणि भोक एकच. ओढलं की तिथंच फाटणार, पोरी. बाईंनी किती मोजल्या होत्या?

भाची : सात. आणि खाली बारीक अक्षरांत... त्यातल्या दोन मेल्या.

मामा : म्हणजे तुझ्या दोनशे त्या पाचांच्या पाठीवर बसल्यात!

भाची : हसू नकोस ना. बाई माझ्या मार्गदर्शक आहेत. या पेपरावरही त्यांचं नाव आहे, आणि सोमवारच्या समितीतही त्याच. चार वीस झाले.

मामा : मग लाव फोन.

भाची : काय सांगू? तुमचा पाया कच्चा आहे म्हणून?

मामा : दोरा कुठं जातो तेवढं सांग. बाकीचं त्यांना कळेल.

(फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला.)

बाई : पाठवलास?

भाची : नाही, बाई. वास दोन दिवसांत उडतो ना, त्याचे तिन्ही आधार तुमच्या एकाच पेपरवर जातात. सात गोगलगायींच्या.

मामा : त्यातल्या दोन मेल्या, तेही सांग.

बाई : हे कोण बोलतंय?

भाची : माझा मामा. शिंपी आहे.

बाई : सात पुरेशा नाहीत, हे मी त्यातच लिहिलं होतं. शेवटच्या परिच्छेदात.

भाची : तो परिच्छेद कुणीच पुढं नेला नाही, बाई.

बाई : नाही. मीसुद्धा नाही. 'सर्वश्रुत' काढ. 'पाच गोगलगायींवरून असा अंदाज आहे' असं लिही. आणि दाव्यात 'बहुधा' घाल.

भाची : 'बहुधा' घातलं तर समिती विचारेल, वर्षभर केलंस काय? बाई, सोमवारी...

बाई : सोमवारचं मी आत्ता काही सांगू शकत नाही. ठेवते.

मामा : घातलंस?

भाची : घातलं. दोन ठिकाणी.

मामा : आणि बटण?

भाची : दाबलं. गेला, मामा.

मामा : मग बैस अशी. या बाह्या उसवायच्यात. तेवढाच हाताला चाळा.