गॉगलचं गाणं शेवटच्या नंबरावर

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला माइकवर बोलायची सवय नाही. एरवी दिवसभर बोलतेच. डोंबिवली पूर्वेला माझं पोळी-भाजी केंद्र आहे, स्वाती माझं नाव. तिथे एक्झॉस्ट फॅन इतका ओरडतो की बोलणं म्हणजे ओरडणंच. त्यामुळे आवाज मोठा निघाला तर सांभाळून घ्या, असं म्हणायची पद्धत आहे. पण नका घेऊ सांभाळून. आज तो मोठाच निघणार आहे. मी चिडलेली आहे.

सकाळी निघताना ठरवलं होतं, हर्षलाबद्दल दोन बऱ्या गोष्टी सांगायच्या आणि रडू यायच्या आत खाली बसायचं. मागच्या सोमवारी ती माझ्या काउंटरवर उभी राहून वांग्याच्या भाजीला नावं ठेवत होती. गुरुवारी गेली. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणे. अडतिशीची बाई. अशा माणसाबद्दल काय बोलायचं, कसं बोलायचं, मला कळत नव्हतं. आता कळलंय. इथे आल्यावर कळलं.

दारातच तो बॅनर. 'आत्याचा गॉगल फेम हर्षला यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' फेम! तिच्या आईच्या डोळ्यांचं पाणी खळत नाहीये, आणि आपण फेम लिहितो. मग सूत्रसंचालक म्हणाले, तिचं सर्वांत चांगलं गाणं कुठलं हे सांगायलाच नको. का नको? मी सांगते. मला ती परवानगी खुद्द हर्षलाने दिलेली आहे.

इथे तिच्या सासरची माणसं आहेत, बाहेरगावची आहेत, त्यांच्यासाठी थोडं आधीपासून सांगते. 'खाजण', म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, हा चौघांचा ग्रुप. डोंबिवली पश्चिमेच्या गावांतली मुलं. निकेशने काढला, चाली त्याच्या, कंप्युटरवरचं सगळं काम त्याचं. गाणारी एकटी हर्षला. आपल्याकडे कोणाचीही हळद असो, मांडवात 'खाजण' वाजलं नाही तर हळद लागली असं वाटायचं नाही. आणि मी कोण? मी चाहती. माझं नात्याचं कोणी नाही त्या ग्रुपमध्ये. माझं माहेर कोकणातलं, सासर ब्राह्मण आळीतलं, माझ्या घरात ही गाणी लावली की सासूबाई खिडकी बंद करायच्या. त्या गेल्या, खिडकी उघडली.

तर आमच्या केंद्रात या गाण्यांची क्रमवारी लागते. दिवसभर स्पीकरवर 'खाजण'च चालू असतं. नियम एकच. गाणं वाजताना लाटणी थांबली, तर गाणं वर चढतं. हात आणखी जोरात चालायला लागले, तर गाणं कामाचं, पण खाली. 'आत्याचा गॉगल' लागलं की पोळ्या भराभर पडतात. धंद्याला तसं गाणं दुसरं नाही. म्हणून ते आमच्याकडे शेवटच्या नंबरावर आहे. कायम.

हर्षला पहिल्यांदा केंद्रात आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. चेहऱ्याला ओढणी बांधलेली, हातात डबा. गाणं चालू होतं. म्हणाली, वहिनी, जरा आवाज बारीक करता का? मी तिला झापलं. म्हटलं, बाई, पोळ्या हव्यात तर घ्या, आवाज बारीक होणार नाही, हर्षला गातेय. तिने ओढणी सोडली. म्हणाली, "माहितीये. मीच चुकलेय त्या ओळीत, म्हणून म्हटलं."

तेव्हापासून ती आली की पहिला प्रश्न तोच. आज कोण कुठे? आणि मग वाद. तिला गॉगल एवढा खाली टाकलेला आवडायचा नाही. म्हणायची, वहिनी, माझ्या आत्याने खरंच घातलेला गॉगल माझ्या हळदीत, संध्याकाळ होऊन दिवे लागले तरी काढला नाही, तिच्यासाठी तरी एक नंबर वर घ्या. मी घेतला नाही. आत्या, तुम्ही इथे आहात. माफ करा. आजही घेणार नाही.

त्याच्या वर 'टँकर आला'. माझ्याकडे लाटायला शेवंता असते, दिव्याहून येते. तिच्या चाळीत पाण्याचा टँकर आला की काय होतं ते ज्याने बघितलंय त्यालाच ते गाणं कळेल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेवंता हसत होती आणि हसता हसता लाटणं खाली ठेवून बसली. म्हणाली, हिने आमची बादली बघितलीये. म्हणून ते वर. मधली सोडते, त्यांच्यावर आमच्यात अजून भांडणं आहेत. मिटतील तेव्हा मिटतील.

आता दुसऱ्या नंबरावर येते. आणि इथे, निकेश, तुझ्याकडे बघून बोलते. तुला अरेतुरे करतेय, राग मानू नकोस. खरं तर मान.

दुसऱ्या नंबरावर 'आय, दार उघड'. हे 'खाजण'चं नाही. हर्षलाने ग्रुप सोडल्यावर तीन गाणी एकटीने केली, त्यातलं हे. तुमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलं नसेल. कारण तुम्हाला स्टेजवरून सांगितलं गेलं की हर्षलाने गाणं सोडलं, संसारात रमली. मंडळी, धडधडीत खोटं. तिने ग्रुप सोडला, गाणं नाही.

का सोडला? श्वासावरून. ऐकायला विचित्र वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. गाताना माणूस दम घेतो, तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. निकेश तो कंप्युटरवर कापायचा. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक ओळीआधी. हर्षला म्हणायची, ठेव रे एखादा. हा म्हणायचा, श्वास ऐकू आला की गावठी वाटतं. गावठी. ज्या गावाच्या नावावर तुझा ग्रुप उभा, ते तुला गाण्यात नको होतं.

तिचं म्हणणं कुठून आलेलं, तेही सांगते. समोर सुंदराबाय बसल्यात, हर्षलाच्या आई. सुंदराबाय धवलारीण आहेत. आगरी लग्नात मांडवात बसून धवले गाते, गाऊन लग्न लावते, ती धवलारीण. भटजी नंतर. बाय एकदा गायला लागली की तास-तास गाते, मागे ना पेटी ना ढोलकी. तिथे श्वासच ठेका असतो. बायने दम घेतला की बाजूच्या बायका ओळ उचलतात. लहानपणापासून हर्षला आईच्या मांडीला मांडी लावून तो श्वास कधी येतो याची वाट बघत बसायची, कारण तो आला की तिची पाळी. तोच हा माणूस कापून फेकत होता. मग ती निघाली. आईबरोबर धवले गायला लागली.

आणि निकेश, तुम्ही ग्रुपवाल्यांनी काय केलंत? स्टेजवर दुसरी मुलगी उभी केलीत, मागून आवाज लावलात हर्षलाचा. त्या मुलीचा दोष नाही, तिने नुसते ओठ हलवले. आम्ही सगळे नाचलो. मीसुद्धा.

ती तीन गाणी हर्षलाने खडवलीला केली, मैत्रिणीच्या घरी, नदीकडच्या खोलीत. तिथे शांत असतं म्हणून. 'आय, दार उघड'मध्ये दुसऱ्या कडव्यात कोंबडा आरवतो. मी म्हटलं, तो काढायचा राहिला का? म्हणाली, नाही वहिनी, तो सुरात होता, ठेवला. ते गाणं वाजतं तेव्हा आमच्याकडे एकही लाटणं चालत नाही, तव्यावरची पोळी करपते. शेवंताचं म्हणणं, तेच पहिलं. माझं म्हणणं, दुसरं. त्यावरून आमचा दोन दिवस अबोला होता.

पहिलं सांगायच्या आधी थांबते. कारण आता मला त्या गोष्टीवर यायचंय, जिच्यामुळे मी चिडलेय.

थोड्या वेळापूर्वी निकेश इथे बोलला. छान बोलला. म्हणाला, हर्षला गेलेली नाही, ती येत्या हळदीच्या सीझनला पुन्हा गाणार. कंप्युटरला तिची जुनी गाणी ऐकवून तिचा आवाज तयार केलाय. घरच्यांचा होकार आहे. आणि 'आत्याचा गॉगल'चा दुसरा भाग वाजवून दाखवला. इथे. तिच्या फोटोसमोर, हाराखाली. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या. कोणी वाजवल्या ते मी बघितलंय, नावं घेत नाही.

तो आवाज वाजत होता तेव्हा मी सुंदराबायच्या बाजूला बसले होते. बायने माझा हात धरला. मला वाटलं, रडू येतंय. रडू नाही. बायने मला विचारलं, "ही कोन गं?" मी म्हटलं, बाय, हर्षलाचा आवाज आहे. बायने ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "नाय. माजी पोर दम घ्याची. ही दमच घेत नाय."

ऐकलंत? सगळ्या हॉलमध्ये एकट्या बाईला कळलं. आपल्याला छान वाटलं. अगदी सेम टू सेम, असं मागून कोणीतरी म्हणालं. निकेश, सेम कसं असेल रे? तू त्या मशीनला तीच गाणी ऐकवलीस, जी तू स्वतः कापलीस. श्वास नसलेली हर्षला ऐकून ते श्वास नसलेली हर्षलाच करणार ना? आधी तिचा दम काढून घेतलास. मग ती जिवंत असताना तिचा आवाज दुसरीच्या तोंडात घातलास. आता ती गेली, तर तिला कायमची उभी करायची, जी थकणार नाही, थांबणार नाही, ठेव रे एखादा असं म्हणणार नाही. सोयीची आहे की नाही?

आणि घरच्यांचा होकार कोणाचा? बाय, मी सगळ्यांसमोर विचारते. तुम्हाला कोणी विचारलं? बघा. मान हलली. मान हललेली माइकवर ऐकू येत नाही, म्हणून मी सांगते. नाही विचारलं. जावईबापू, तुम्हाला? नाही. झालं तर मग. 'आपण घरचेच आहोत' असं तू खालून म्हणतोयस निकेश, मला ऐकू येतंय. घरचा असशील तर घरच्यासारखा वाग.

मला कोणी म्हणेल, वहिनी, तुम्ही पोळ्या लाटता, तुम्हाला कशाला पंचाईत? पंचाईत आहे. आम्ही तिच्यासाठी पोळ्या करपवल्यात.

आता पहिला नंबर. पहिल्या नंबरावर 'मीठ'.

आणि हे गाणं, मंडळी, 'खाजण'चं आहे. चाल निकेशची. निकेशचे आजोबा मिठागरावर होते, पायांना फोड घेऊन घरी यायचे, त्यांच्यावर त्याने केलं. हे मी चिडलेली असले तरी सांगणार, कारण खरं आहे. निकेश, ते गाणं तू मनापासून केलंस. आणि शेवटच्या कडव्याआधी त्यात हर्षला दम घेते. चांगला लांब, छाती भरून. आमच्याकडे लाटणी थांबतात ती गाण्यावर नाही, तिथे थांबतात. त्या श्वासावर. सगळ्या बायका तिच्याबरोबर दम घेतात, मग कोणीतरी म्हणतं, चला गं, पीठ वाळतंय.

मी हर्षलाला विचारलेलं, हा कसा राहिला? ती हसत सुटली. म्हणाली, "विसरला तो. घाईत होता, कापायचा विसरला. नंतर मला म्हणाला, चूक झाली, बदलून टाकतो. मी म्हटलं, हात लावलास तर बघ." लग्नाच्या हॉलांतून, रिक्षांतून, सगळ्यांच्या मोबाइलमधून तोपर्यंत ते गाणं गेलेलं. म्हणून वाचलं.

निकेश, तुझ्या सगळ्या कामातली ती एक चूक. आमच्या क्रमवारीत ती पहिली आहे. हर्षलाच्यासुद्धा. ती तुझ्याबद्दल वाईट बोलायची नाही, माहितीये तुला? मी शिव्या घालायचे, ती म्हणायची, वहिनी, 'मीठ' त्याचं आहे. म्हणून मला तुझा जास्त राग येतो. तुला येत होतं. तुला चांगलं करता येत होतं.

ते मशीनचं गाणं बंद करणार की नाही, ते मला सांगू नकोस. आधी ऐक, आणि मग बायसमोर जाऊन सांग.

सूत्रसंचालक म्हणाले होते, शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू. दोन मिनिटं नकोत. दोन मिनिटांत माणसं घड्याळ बघतात. माझ्या फोनमध्ये 'मीठ' आहे. मी शेवटच्या कडव्याआधीपासून लावणार, आणि हर्षलाने दम घेतला की बंद करणार. पुढची ओळ वाजणार नाही. ती तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. मनात म्हणा, मोठ्याने कोणी म्हणू नका. बायचं गाऊन झालं आणि तिने दम घेतला की ओळ हर्षला उचलायची. आज उचलणार कोणी नाही. ती जागा तशीच राहू दे. ती कोणी भरू नका. कशानेही भरू नका.

उभे राहा. बाय, तुम्ही बसा.

पंखे बंद करा रे जरा.