शांताकाकींनी सांगितलेला शेवट

आमच्या कुडव्याच्या वाचन मंडळातल्या शांताकाकींचं मला अजून नवल वाटतं. कादंबरीचं शेवटचं प्रकरण आम्ही तळ्याकाठच्या सहलीत वाचायला राखलं होतं, आणि काकी पुस्तक घरीच विसरल्या.

"मग एवढ्या दूर कायले आलो?" बाया चिडल्या.

"थांबा नं, माहं वाचून झालं आहे," म्हणत काकींनी अर्धा तास न अडखळता प्रकरण सांगितलं. सगळ्या रडलो. घरी येऊन मी ते डायरीत उतरवलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तकाशी ताडून पाहिलं. पुस्तकातली नायिका मार खायला परत सासरी जात होती. काकींच्या नायिकेनं राईस मिल टाकली होती!

"काकी, तुम्ही वाचलंच नव्हतं ना?"

"वाचलं होतं. म्हणून त पुस्तक घरी ठेवून आली."