जज्जसाहेबांची जागा

(डेलावेअर नदीकाठचं एक गाव. राज्याची घटना लिहिणाऱ्यांपैकी एक, जज्ज जोथम बेल्नॅप, काल पहाटे वारले. प्रेत बाहेरच्या खोलीत आहे. स्वयंपाकघरात त्यांची विधवा हेस्टर, बहीण प्रूडन्स आणि गावचे पाद्री.)

पाद्री : तेवढं एकच वाक्य, हेस्टरबाई. ‘शेवटी त्यांनी ख्रिस्ताचं नाव घेतलं.’ बाकी प्रवचन तयार आहे माझं.

हेस्टर : नाही घेतलं त्यांनी.

प्रूडन्स : अगं वहिनी, मनात घेतलं असेल! मनातलं तुला काय दिसणार?

हेस्टर : मनातलं ते रोज जेवताना बोलून दाखवायचे, वन्सं.

पाद्री : जज्जसाहेब म्हणजे कुणी साधी असामी नव्हती. प्रवचन फिलाडेल्फियात छापलं जाणार आहे. इथली तरणी पोरं मला तोंडावर विचारतात, देश उभा करणाऱ्यांनाच देव नको होता, मग आम्ही कशाला चर्चमध्ये येऊ? काय सांगू मी त्यांना?

हेस्टर : देव नको होता असं नाही. देव आहेच, म्हणायचे. सुतार घर बांधून देतो नि आपल्या वाटेनं जातो, दार उघडायला रोज येत नाही, म्हणायचे.

प्रूडन्स : हे बाहेर बोलू नकोस हं, बाई! गाव काय म्हणेल?

हेस्टर : गावाला ठाऊक आहे. सरकारी जागेवर बसायचं तर ख्रिस्ताची शपथ घ्यायलाच हवी, असं कलम होतं ना? ते काढायला भर सभेत भांडले हे. आता तोंड मिटलं म्हटल्यावर तीच शपथ मी त्यांच्या नावानं घेऊ?

पाद्री : शपथ कुठे मागतोय मी? आणि परवा मी स्वतः त्यांना प्रभूभोजनाची वाइन दिली की, ख्रिस्ताला मानणाऱ्यालाच मिळते ती. प्रूडन्सबाई साक्षीला आहेत.

प्रूडन्स : तर काय! मीच बोलावलं पाद्रीसाहेबांना. तू विहिरीवर गेली होतीस, वहिनी. ओठाला प्याला लावला नि जोथमनं घोट घेतला. या डोळ्यांनी पाहिलं.

हेस्टर : त्यांना पाणी गिळता येत नव्हतं, वन्सं. मी कापूस भिजवून जीभ ओली करत होते.

प्रूडन्स : वाइन गेली मात्र.

हेस्टर : उशीवर गेली. तो अभ्रा मी धुतला. बाहेर दोरीवर वाळतोय, डाग नीट निघाला नाही. तुम्ही दोघांनी केलंत हे मला तेव्हाच कळलं होतं. भांडायला हवं होतं. राग यायला हवा होता. कालपासून मला काहीच येत नाही. रडूसुद्धा नाही.

प्रूडन्स : माझा भाऊ आहे गं तो. तो नरकात जळतोय असं डोळ्यासमोर येतं नि मला झोप लागत नाही. मी काय वैरीण आहे का त्याची?

हेस्टर : नाही, वन्सं. बसा तुम्ही. कॉफी घ्या.

पाद्री : मग मला स्पष्ट बोलावं लागेल. तुम्ही नाही म्हणालात, तर मंडळी त्यांना चर्चच्या कुंपणात पुरायला जागा देणार नाहीत. कालच ठरलंय.

प्रूडन्स : कुंपणात नाही? आणि केझिया? वहिनी, तुझी पोर आहे तिथे! बापाला पोरीजवळ नको का ठेवायला?

हेस्टर : केझियाला ताप होता तेव्हा मी जमिनीवर गुडघे टेकून होते. हे शेजारी उभे. मी म्हटलं, तुम्हीही मागा. म्हणाले, ज्यानं नियम केले त्याला माझ्यापुरता मोड म्हणून कसं सांगू? मग मला उठवलं आणि रात्रभर तेच पोरीच्या उशाशी बसले. मी पुष्कळ वर्षं रागावून होते त्यांच्यावर.

पाद्री : म्हणूनच म्हणतो. एक वाक्य, आणि बापलेक शेजारी.

हेस्टर : खोटं वाक्य.

पाद्री : दयेचं वाक्य.

हेस्टर : बागेत सफरचंदांच्या खाली माती मऊ आहे. तिथे पुरू त्यांना.

प्रूडन्स : बागेत! कुत्र्यासारखं?

पाद्री : हेस्टरबाई, तुम्ही आमच्या मंडळीतल्या आहात. तुमची जागा केझियाजवळ राखून ठेवली आहे, ती कुणी काढून घेणार नाही. पण मग तुम्ही एकीकडे आणि जज्जसाहेब एकीकडे. कायमचे. हा विचार केलात?

हेस्टर : आत्ता करतेय.

प्रूडन्स : बोल ना, वहिनी. हो म्हण. एका शब्दाचं काम आहे.

हेस्टर : खणणाऱ्यांना बागेतला खड्डा रुंद घ्यायला सांगा. दोघांचा.

प्रूडन्स : वहिनी! आणि पोर? पोरीला एकटी टाकणार तू?

हेस्टर : एकटी कशी? पाद्रीसाहेब, तुमचा देव तिच्याजवळच असतो ना? रोज सांगता तुम्ही.

पाद्री : असतो. अगदी जवळ.

हेस्टर : मग झालं. यांचा देव लांब राहतो. यांच्याजवळ कुणीतरी हवं.